घारीची नजर



आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले. पक्षिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे सांगणार आहोत ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. कामोठ्यात मान वर केली की घार घिरट्या घालताना दिसतेच, आणि ‘घारीची नजर’ हा शब्दप्रयोग आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती नजर तीक्ष्ण म्हणजे किती, आणि कशामुळे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम दोन कामे वेगळी करू. समोरचे चित्र जुळवून आणणे हे भिंगाचे काम. पक्षी आपले भिंग, आणि पुष्कळ पक्षी डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदाही, स्नायूंनी दाबून त्याची वक्रता बदलतात. परंतु जुळलेले चित्र किती बारकाईने वाचायचे, हे डोळ्याच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर ठरते.

या पटलावर प्रकाश टिपणाऱ्या असंख्य पेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र त्या मानाने थोडे. मग कारभार कसा चालतो? शंभर कामगारांनी एकाच अर्जावर सह्या केल्या तर आवाज मोठा होतो, पण कोणाचे नेमके काय दुखते ते साहेबाला कळत नाही. प्रत्येकाने आपला अर्ज निराळा दिला तर आवाज लहान, मजकूर मात्र स्पष्ट. दृष्टिपटलावर दोन्ही पद्धती आहेत. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी सामाईक अर्ज करतात. घुबडाच्या डोळ्यात अशा पेशी फार, म्हणून अंधारातली कुजबुजही त्याच्या मेंदूपर्यंत पोचते. उलट, दिवसा पाहणाऱ्या पक्ष्याच्या पटलावर एक बारीक खळी असते. तेथे शंकूच्या आकाराच्या पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि जवळजवळ प्रत्येकीचा अर्ज स्वतंत्र जातो. नजरेची धार आहे ती या खळीत. उजेड उतरला की ती धारही उतरते.

माणसाच्या प्रत्येक डोळ्यात अशी खळी एकच. गरुड, ससाणे, खंड्या यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यात त्या दोन असतात. कानशिलाच्या बाजूची खळी समोर पाहते; मधली, अधिक खोल आणि अधिक धारदार, ती कडेला पाहते. म्हणून दूरचे नीट पाहायचे असले की ससाणा मान तिरकी करतो. झेपावताना मान तिरकी ठेवली तर वारा अडवतो. तेव्हा तो मान सरळ ठेवून वळणाच्या वाटेने येतो आणि सावज कडेच्या नजरेत धरून ठेवतो, असा खुलासा टकर या अभ्यासकाने 2000 साली केला.

आणखी एक सोय पाहा. आपल्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. पक्ष्याच्या पटलात ते नसते. त्याऐवजी डोळ्याच्या पोकळीत फणीसारखा घडीदार अवयव उभा असतो. पटलाला आतून पोषण पुरवण्याचे काम त्याचे.

आता मोजमाप. एका अंशाच्या कोनात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सुमारे 60 जोड्या निरोगी माणूस वेगळ्या ओळखतो. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या गरुडाने सुमारे 140 ओळखल्या, अशी 1985 सालची नोंद आहे. आठपट वगैरे ज्या गोष्टी सांगतात त्या अतिशयोक्तीच्या. आणि आमची घार? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कसोट्यांत ती माणसाच्याही खाली राहिली! तिचे बळ उंचीवरच्या जागेत आहे, विस्तृत कक्षेत आहे आणि सतत फिरत्या मानेत आहे. म्हणीपुढे मोजमाप ठेवले की म्हण खोटी ठरते असे नाही. तिचा अर्थ मात्र नीट कळतो.

हे सारे आम्ही आज का सांगत बसलो? पक्षी पाहतो फार, पण सर्वत्र सारखे पाहत नाही, म्हणून. दक्षिण आफ्रिकेतील माळढोकाचा एक भाऊबंद, एक करकोचा आणि एक क्रौंच यांची दृष्टिकक्षा अभ्यासकांनी मोजली. उडताना जमीन न्याहाळण्यासाठी मान खाली वाकवली की या पक्ष्यांना पुढचे काहीच दिसत नाही, असे त्यांनी 2010 साली दाखवले. ज्या माळढोकासाठी आपल्याकडे नान्नजला 1979 साली अभयारण्य झाले, तो राजस्थानात विजेच्या तारांवर आपटून मरतो. तार जाड असून पक्ष्याला दिसली कशी नाही, असे आपण म्हणतो. ज्या युगांत तो डोळा घडला, त्या युगांत आकाशात पुढे आडवे काही नव्हतेच.

आपल्या खाडीवरूनही थवे जातात, आणि आपणही तारा ओढतो, काचेच्या इमारती उभारतो. तारांवर ठळक, हलत्या खुणा टांगल्या तर धडका कमी होतात, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. अशी मागणी करायला पक्षी कोणाच्या दारी जाणार? गाऱ्हाणे त्यांचे आहे. अर्जावर सही आपल्याला करावी लागेल. सामाईक केली तरी चालेल. येथे आवाजच मोठा हवा आहे.