पदरचा खर्च आणि प्राप्तिकर



प्राप्तिकर हा विषय करमणुकीचा नव्हे, आणि तो एका निवृत्त शाळामास्तराने मांडावा हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. मी लेखापाल नाही, वकीलही नाही. मुलांना जमाखर्चाची उदाहरणे घालण्यात माझे आयुष्य गेले, एवढाच काय तो माझा या विषयाशी संबंध. परंतु शाळेत जी उदाहरणे आम्ही फळ्यावर सोडवीत होतो, तीच पुढे माझ्या एका विद्यार्थ्याच्या संसारात न सुटलेली मी पाहिली. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मी ज्या पुरुषोत्तमनगरातून आलो, ते नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत ऊस, असा हा मुलूख होय. साखर तयार होते ती कारखान्यात; पण ऊस तोडून तेथवर आणावयाचा म्हणजे माणसे हवीत, गाड्या हव्यात, आणि हे सर्व जुळवून आणणारा एक मनुष्य हवा. तोच तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार. हा कोणाचा नोकर नसतो. त्याला महिन्याचा पगार नाही, प्रवासभत्ता नाही, निवृत्तिवेतन नाही. पावसाळ्यात तो म्हसावदवरून घाट चढून धडगावाकडे जातो, पाड्यापाड्यांतून टोळ्या ठरवितो, प्रत्येक कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याला, उचल देतो, आणि हंगाम लागला की त्यांना फडावर आणून पोहोचवितो. या साऱ्या धावपळीचा खर्च प्रथम त्याच्या पदरचा असतो.

असाच एक ठेकेदार, माझा जुना विद्यार्थी, काही वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्याकडे आला. हातात साडीच्या दुकानाची एक पिशवी होती. ती त्याने ओसरीवर पालथी केली आणि म्हणाला, "गुरुजी, माझा सगळा धंदा यात आहे. यातून मला काय उरलं तेवढं सांगा." मी एकेक चिठ्ठी उचलून पाहू लागलो. पेट्रोलपंपाच्या पावत्या होत्या, परंतु त्यांतील निम्म्याअधिक कोऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे काही महिन्यांतच उडून जातात, हे त्याला ठाऊक नव्हते. उचल दिल्याच्या नोंदी सिगारेटच्या पाकिटांवर होत्या. नाव आणि आकडा, तारीख नाही, अंगठा नाही. त्या वर्षी एक टोळी उचल घेऊन गुजरातेतील कारखान्याकडे निघून गेली होती. त्याचे सुमारे तीन लाख रुपये बुडाले होते, असे त्याचे म्हणणे. टोळीचे म्हणणे असे की, मागील हंगामाची आमची मजुरीच त्याच्याकडे थकली होती, ती आम्ही उचलीत वळती केली. दोघांपैकी खरे कोण, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण दोघांकडेही कागद नव्हता.

आता यातील कराचा भाग पाहा. व्यवसायात दिलेली आगाऊ रक्कम खरोखरच बुडाली, तर ती व्यवसायातील तोटा म्हणून मांडता येते, आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर उरलेला तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत ओढून त्या वर्षांच्या नफ्यातून वळता करता येतो. परंतु रक्कम दिली, ती व्यवसायासाठी दिली आणि ती परत मिळत नाही, या तिन्ही गोष्टी सिद्ध करावयास हव्यात. माझ्या विद्यार्थ्याला पहिलीही सिद्ध करता आली नाही. घरात तोटा, पण कागदावर मात्र नफा, अशी त्याची अवस्था झाली.

कायद्याचे मूळ तत्त्व साधे आहे. जो खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झाला, तो उत्पन्नातून वजा होतो. जो घरासाठी झाला, तो होत नाही. टोळी ठरविण्यासाठी केलेला प्रवास, वाटेतील मुक्काम, मजुरांना आणावयाचे गाडीभाडे, धंद्याकरिता लागणारा दूरध्वनी, हिशेबनिसाचा मोबदला, हे व्यवसायाचे खर्च होत. मोटारसायकल मात्र टोळी पाहावयासही जाते आणि सारंगखेड्याच्या यात्रेलाही जाते. तेव्हा तिच्या खर्चातील धंद्याचा हिस्सा तेवढा धरावयाचा. तो ठरविण्यास एक छोटी वही पुरते: तारीख, कोठून कोठे, कोणत्या कामासाठी, किती किलोमीटर. वाहन विकत घेतले तर त्याची सारी किंमत त्या वर्षीचा खर्च म्हणून मांडता येत नाही. दरसाल घसारा मिळतो, आणि पहिल्या वर्षी वाहन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर घसारा निम्माच. काम देणाऱ्याने जो प्रवासखर्च भरून दिला, तो आपल्या पदरचा म्हणून पुन्हा मांडणे अप्रामाणिकपणाचे आहे. तसेच कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड किंवा कोणाच्या हातावर ठेवलेली चिरीमिरी, ही कितीही 'धंद्यापायी' झाली असली तरी वजा होत नाही.

रोखीचे एक बंधन विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक खर्च रोखीने दिला, तर सर्वसाधारणपणे तो खर्च मान्य होत नाही. मालवाहतूकदाराला द्यावयाच्या रकमेसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. पाड्यावर नोटांची पुडकी मोजून देण्याची जी जुनी रीत, तिला या नियमाने चाप बसला आहे. मोठी रक्कम मजुराच्या खात्यावर भरावी. त्यात ठेकेदाराचेही संरक्षण आहे आणि मजुराचेही.

आपण म्हणाल, लहान व्यावसायिकाने इतके लिहीत बसावे तरी कसे? कायद्याने याचाही विचार केला आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत), तर उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा झाला असे मानून विवरणपत्र भरता येते. मात्र नफा त्याहून अधिक झाला असेल तर तो अधिकच दाखविला पाहिजे. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुशिल्पी यांसारख्या व्यावसायिकांना अशीच सवलत ५० लाखांच्या जमेपर्यंत, आणि वरच्याप्रमाणे रोख अल्प असल्यास ७५ लाखांपर्यंत आहे. त्यांचा नफा निम्मा धरला जातो. आपल्या शहरी घरांतील जी मुले नोकरी न करता स्वतंत्रपणे अभियांत्रिकीची किंवा तांत्रिक सल्ल्याची कामे घेतात, त्यांनाही ही गोष्ट उपयोगी पडेल. निव्वळ दलालीच्या वा कमिशनच्या उत्पन्नाला मात्र आठ-सहा टक्क्यांची सवलत लागू नाही. तेव्हा आपला करार कामाचा आहे की दलालीचा, हे ठेकेदाराने आधी पाहावे.

या पद्धतीत एक मेख आहे. सारा खर्च त्या टक्क्यांतच आला असे समजले जाते. पेट्रोल, भाडे, घसारा यांची निराळी वजावट मागता येत नाही. त्याहून कमी नफा दाखवावयाचा असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वह्या ठेवून त्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्याव्या लागतात. शिवाय व्यवसायाच्या बाबतीत ही पद्धत मध्येच सोडली की पुढील पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही. मग ही पद्धत घ्यावी की नको? ज्याने वही ठेवली आहे त्यालाच याचे उत्तर देता येते. माझ्या विद्यार्थ्याला देता आले नाही.

दुसरी एक गोष्ट त्याला नव्याने कळली. ठेकेदाराचे देयक चुकते करताना कारखान्यासारखी संस्था, रक्कम एका वेळी ३०,००० हून किंवा वर्षात १,००,००० हून अधिक असल्यास, व्यक्तीच्या बाबतीत १ टक्का कर आधीच कापून सरकारात भरते. तो कापलेला पैसा गेलाच, असे धरून त्याने कित्येक वर्षे विवरणपत्रच भरले नव्हते. एक कल्पित उदाहरण घेऊ. उलाढाल ४० लाखांची, सारी बँकेतून. कापलेला कर ४०,००० रुपये. सहा टक्क्यांनी नफा २,४०,००० होतो. दुसरे उत्पन्न नसेल तर एवढ्यावर कर लागत नाही, आणि विवरणपत्र भरल्यास ते ४०,००० रुपये परत मिळतात. न भरल्यास मिळत नाहीत.

अलीकडे झालेल्या बदलांनी लोकांचा गोंधळ वाढला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी कररचना ही आपोआप लागू होणारी रचना झाली, आणि २०२५-२६ पासून तीत सर्वसाधारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. "नव्या रचनेत वजावटीच नाहीत, मग पावत्या जपून करावयाचे काय?" असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. हा गैरसमज आहे. नव्या रचनेत गेल्या त्या मुख्यतः विमा, बचत यांसारख्या वैयक्तिक वजावटी. व्यवसायाचा खर्च तेथेही वजा होतोच, कारण तो वजा केल्यावाचून उत्पन्न किती हेच ठरत नाही. आम्हा निवृत्तांना निवृत्तिवेतनावर, आणि नोकरांना पगारावर, नव्या रचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट पावतीवाचून मिळते. ठेकेदाराला ती नाही. त्याच्या बाजूने बोलणारी त्याची पावतीच आहे.

दुसरा बदल कायद्याचाच. आपल्या देशात १८६० साली जेम्स विल्सन यांनी हा कर प्रथम आणला. त्यानंतर १८८६, १९२२ आणि १९६१ असे कायदे झाले. आणि आता २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. यात ५३६ कलमे आहेत. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही घोटाळ्यात टाकणारी जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आले आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब मात्र जुन्याच कायद्याने होतो. ठेकेदार हंगामाने मोजतो, कायदा एप्रिल ते मार्च मोजतो. गाळप लांबून एप्रिलात गेले तर एकाच हंगामाची जमा दोन वर्षांत विभागली जाते. २०२५-२६ च्या हंगामात तर ती दोन कायद्यांत विभागली गेली. तेव्हा प्रत्येक नोंदीवर तारीख हवी, हा शाळेतला धडा पुन्हा आठवतो. कलमांचे क्रमांक बदलले, नावे बदलली. परंतु खर्च व्यवसायाचा असावा आणि तो दाखविता यावा, हे तत्त्व बदललेले नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याविषयी दोन शब्द. बुडालेली रक्कम त्याला मिळाली नाही. परंतु पुढच्या पावसाळ्यात तो धडगावाकडे निघाला, तेव्हा त्याच्या खिशात शंभर पानी वही होती. पेट्रोलची पावती मिळताच तो तिचे छायाचित्र घेतो आणि त्याच रात्री आकडा वहीत उतरवितो. मी त्याला आणखी एक अट घातली होती: प्रत्येक कोयत्यासाठी एक पान राखावे, त्यावर उचल, तोडलेला ऊस, मजुरी आणि बाकी लिहावी, खाली सही वा अंगठा घ्यावा, आणि त्याची एक प्रत त्या जोडप्याच्या हाती द्यावी. तो आधी कुरकुरला. म्हणाला, "गुरुजी, कराच्या कामाला माझी प्रत पुरे, त्यांना कशाला?" मी म्हणालो, "तुझा खर्च तीच त्यांची कमाई. ती फक्त तुझ्याच वहीत राहिली, तर मागचंच भांडण पुन्हा होईल."

गेल्या हंगामाच्या अखेरीस तो मला भेटावयास आला होता. धडगावकडची एक बाई आपली प्रत घेऊन आली, वाचता येत नसल्यामुळे तिने मुलाकडून ती वाचवून घेतली होती, आणि बेरजेत आठशे रुपयांची चूक निघाली, असे त्याने सांगितले. चूक त्याचीच होती. पैसे त्याने तेथल्या तेथे दिले. त्या बाईचा तो मुलगा आश्रमशाळेत सातवीला आहे, हेही त्याने आवर्जून सांगितले.