विनामूल्य शिक्षण आणि आपले कर्तव्य

(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. त्यांच्या यशाने आपणा सर्वांची मान उंचावली आहे. परंतु त्या यशासाठी किती घरांतील दागिने गहाण पडले, किती पित्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. तो आज मांडणे मला अगत्याचे वाटते.

जे विनामूल्य ते हलके, अशी समजूत आपल्यांत रुजली आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. रयतेच्या श्रमांतून सरकारचा महसूल उभा राहतो, मग शिक्षणाचा लाभ तिलाच का मिळू नये, हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व बडोदे संस्थानास लागू केले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र फेटाळले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर राज्यात तोच मार्ग धरला. पुढे २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना हा हक्क मिळाला.

ही शाळा तरी खरोखर फुकट आहे काय? प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आपण भरतोच. म्हणजे तिची फी आधीच दिलेली असते. ती पुन्हा दुसरीकडे भरण्यापूर्वी गावची वा पालिकेची शाळा एकदा डोळ्यांनी पाहून यावी, एवढेच माझे मागणे आहे.

खाजगी शाळेत मुले घालूच नयेत, असे मी म्हणत नाही. परंतु देणगीच्या नावाखाली पावतीविना मागितलेली रक्कम निमूटपणे देऊ नये. कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ पासून कायद्याने मनाई आहे. २०११ च्या शुल्क अधिनियमाने फीच्या प्रस्तावावर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विचार होतो. त्या बैठकींना आपण जात नाही आणि घरी येऊन फीवाढीबद्दल हळहळतो! दाखल्यांचेही तसेच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरली आहे व अपिलाची सोय आहे. तरीही विहित शुल्काहून अधिक पैसे मध्यस्थाच्या हाती ठेवले जातात.

आता एक कटु गोष्ट. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या बालकांसाठी राखीव आहेत. ऐपत असून उत्पन्नाचा खोटा दाखला जोडणारा पालक सरकारला फसवीत नाही. तो एका गरीब बालकाची जागा बळकावतो. ते बालक कदाचित आपल्याच ज्ञातीतले असेल.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रवेशाच्या हंगामात संस्थेच्या कार्यालयात अर्ज भरून देण्यास दोन जाणत्या तरुणांनी विनामूल्य बसावे. वसतिगृहात ज्यांची ऐपत आहे त्यांनी पूर्ण शुल्क द्यावे. ज्यांची नाही त्यांचे माफ व्हावे, आणि त्यांची नावे फलकावर लागू नयेत. आणि ज्यांचे शिक्षण सवलतीत झाले, त्यांनी पहिल्या पगारापासून यथाशक्ति शिष्यवृत्ती निधीस हातभार लावावा.

सवलत हा गरजवंताचा हक्क आहे, भीक नव्हे. आणि समर्थाने तिला हात लावू नये, हीच आपली प्रतिष्ठा.