नातवंडांना दुभाषी करू नका
(टूवूंबा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज टूवूंबात आपल्याजवळ राहतात. त्यांना दवाखान्यात नेताना शाळकरी नातवंडाला दुभाषी करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. आजी म्हणते, "जीव घाबरा होतो." नातू इंग्रजीत सांगतो, "तिला भीती वाटते." वास्तविक ती छातीतील धडधड सांगत असते, हृदयाची तपासणी मात्र राहून जाते. शिवाय लघवीची तक्रार ती नातवासमोर सांगतच नाही.

ऑस्ट्रेलियात टेलिफोनवरील सरकारी दुभाषी सेवा १९७३ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १३१४५० आहे. क्वीन्सलंडच्या सरकारी रुग्णालयांत दुभाषी विनामूल्य मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच तशी मागणी नोंदवावी.

घरी आल्यावर "समजले ना?" असे विचारू नये. वडीलधारी माणसे संकोचाने "हो"च म्हणतात. "ही गोळी केव्हा घ्यायची?" असे विचारावे व उत्तर शांतपणे ऐकावे.

मूक समाजाला वाचा मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले. आपल्या घरातील वृद्ध मूक राहू नयेत, एवढी दक्षता आपण घेऊ या.

जय भीम.