विस्तव, भरीत आणि माई



आज बोलायचंय ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेबद्दल. खरं म्हणजे माईबद्दल. अण्णा नाईक सगळ्यांना आठवतात, शेवंता तर आठवतेच. अण्णांच्या बायकोची, माईची, मात्र आठवण करून द्यावी लागते. माझी तक्रार तीच आहे.

पहिला भाग आला फेब्रुवारी २०१६ मध्ये. अण्णा गेले, घर गोळा झालं आणि एकेक भानगड वर येऊ लागली. हे सगळं करतंय कोण, एवढ्या एका प्रश्नावर आपण रात्री साडेदहाला जागे! मग जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि गोष्ट मागे गेली. अण्णा जिवंत, शेवंता समोर. पुष्कळांनी विचारलं, शेवट ठाऊक आहे, मग बघायचं काय?

आता सांगा, बामणोद गावची वांगी शेतात नेली, कपाशीच्या काड्यांवर भाजायला घातली, तर त्यांचं भरीतच होणार हे कुणाला ठाऊक नसतं? तरी विस्तवाभोवती बसतोच ना आपण? पहिला भाग म्हणजे ताटात आलेलं भरीत. धुराचा वास येतो, पण आग दिसत नाही. दुसरा भाग म्हणजे ती आग. ती बघून आल्यावर घास वेगळा लागला पाहिजे. नाही लागला, तर काड्या फुकट गेल्या.

दुसऱ्या भागात शकुंतला नरेंची माई बघा. नवरा शेवंताच्या नादी लागलाय, सगळं घर त्याच्या आवाजाला घाबरतं आणि ही बाई संसार सांभाळतेय. हे बघून पहिल्या भागातल्या विधवा माईकडे परत जा. तेव्हा आपण म्हणालो होतो, बिचारीचा नवरा गेला. आता म्हणाल का तेवढंच? असंच अमेरिकेत ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेतल्या वकिलाची आधीची गोष्ट २०१५ पासून ‘बेटर कॉल सॉल’मध्ये आली. ती पाहिल्यावर त्याच्या जुन्या चुरचुरीत बोलण्यावर पूर्वीसारखं हसू येत नाही. मागची गोष्ट चांगली की नाही, हे मूळ गोष्टीकडे परत गेल्यावरच कळतं. पुन्हा सांगतो, परत गेल्यावर!

पण आपण परत जातोय कुठे? आपण वांग्याच्या तुकतुकीवरच खूश. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा रंगवला, अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता अशी उभी केली, की धुळ्याची माझी मावशी म्हणते, “माणूस खराब शे, पण भलता गोड वाटस!” मावशे, त्याच्या हातून माणसं मेली! आणि माईला कसा वाटत असेल तो? मावशी गप्प. पुन्हा टीव्हीकडे बघायला लागली.

थोडा दोष मालिका करणाऱ्यांचाही. दुसऱ्या भागात ऑगस्ट २०२० पर्यंत काड्या घालतच राहिले. वांगं वेळेवर उतरवलं नाही, तर साल सोलल्यावर खाली गर उरेल का?

   

पहिला भाग पुन्हा लावा. अण्णांना राहू द्या, माईकडे बघा.