आपली वही आपल्या हातात

(हुपरी, जि. कोल्हापूर येथे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण कापूस-ज्वारीची माणसं, आणि बैठक भरली आहे चांदीच्या गावात. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. कारागिराला चांदी देताना वजन होतं, पैंजण होऊन परत येताना पुन्हा वजन होतं. मधे घट किती आली याचा जाब द्यावा लागतो. आपल्याला मात्र कुणी विचारलं, वर्षभरात घरातून किती गेलं आणि किती परत आलं, तर आपण म्हणतो, "भागलं कसंबसं." भागलं हा काही आकडा नव्हे.

यात माझाही दोष आहे. कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा मी गावोगाव विचारायचो, एकरी उतारा किती? एकरी शिल्लक किती, हे विचारायचं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. दहा क्विंटल काढणारा बुडालेला आणि पाच क्विंटलवाला तरलेला पाहिला, तेव्हा डोळे उघडले.

आपला हिशेब कायम दुसऱ्याच्या वहीत राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मोकळ्या हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा पुणे-नगर भागात पसरला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ठिकठिकाणी ते हिसकावून जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला होता. म्हणजे आपला हिशेब आपल्याला दिसावा, एवढ्यासाठीसुद्धा कायदा करावा लागला.

चढा भाव कायमचा नसतो, हे आपणही पाहिलंय. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरतच गेला.

आता वही कशी लिहायची ते सांगतो. शंभर पानी वही पुरे. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, त्याच दिवशी आपल्या घराचंही साल ठरवा. डाव्या पानावर गेलेलं, उजव्या पानावर आलेलं. शेताचं वेगळं, घराचं वेगळं. लग्न, दवाखाना, शाळा हे शेताच्या खर्चात घुसडू नका. नाहीतर तोटा शेतीनं केला की लग्नानं, हे कधीच कळणार नाही.

समजा, तीन एकरांत पंधरा क्विंटल कापूस झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. व्यापाऱ्यानं ७,००० दिले. क्विंटलला १,११० गेले, पंधरा क्विंटलला १६,६५०. हा आकडा वहीत लिहा.

मिरगाला वीस हजारांचं बी-खत उधार आणलं आणि त्यावर तीन रुपये शेकडा लागला. महिन्याला ६००. आठ महिन्यांनी फेडलं तर ४,८००. हाही आकडा लिहा.

आता तिसरा. पंधरातला पाच क्विंटल कापूस घरच्या बायांनी वेचला. मजूर लावले असते तर किलोला दहा रुपयांनी पाच हजार द्यावे लागले असते. घरची वेचणी म्हणून तो खर्च आपण धरत नाही. मायबहिणींनो, तुमचं नाव घालून हे पाच हजार लिहायला लावा. घरचे कष्ट फुकट धरले की कापूस स्वस्त दिसतो, आणि त्याच स्वस्त आकड्यावर दुसरे लोक आपला भाव ठरवतात.

कुणी म्हणेल, लिहून भाव वाढतो का? नाही वाढत. पण वही दोन गोष्टी वेगळ्या करते: आपल्या हातातली गळती आणि बाहेरून होणारी लूट. १६,६५० एकट्यानं वाचत नाहीत, त्यासाठी संघटना लागते. ४,८०० मात्र आपल्या घरातून थांबवता येतात.

म्हणून पाडव्याला फक्त तीन गोष्टी ठरवा. पहिली, खायची ज्वारी आणि जनावरांचा कडबा वर्षभर पुरेल एवढा बाजूला काढल्याशिवाय दाणा विकायचा नाही. दुसरी, उधारी दरसाल पाच हजारांनी कमी करायची. पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत येतात. ज्यांना मिळतात त्यांनी ते बियाण्यासाठी राखून ठेवावेत. उधारी पंधरा हजारांवर आली की व्याज ३,६०० होतं. बाराशे वाचले. थोडे आहेत, पण दरसालचे आहेत. चौथ्या वर्षी उधारी संपते. तिसरी, बँकेचं पीककर्ज मुदतीत फिरवायचं. मुदत चुकली की व्याजाची सवलत जाते, बँकेचं दार बंद होतं आणि पाऊल पुन्हा सावकाराकडे वळतं.

दुष्काळ पडला, गारपीट झाली तर ठरवलेलं मोडेल. मोडू द्या. का मोडलं ते मात्र त्याच वहीत लिहा. पुढं कर्जमाफीची, विम्याची, भावाची गोष्ट निघेल तेव्हा "आम्ही बुडालो" एवढं सांगून चालत नाही. किती, कशानं आणि कुणामुळे, हे सांगावं लागतं.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेले कागद जाळले. आपण आपले कागद लिहू. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकानं वही आणावी. रिकामी असली तरी आणावी, पहिलं पान इथं बसून एकत्र लिहू.