सूरजागडच्या दगडाचा हिशेब

(सूरजागडच्या पायथ्याशीं शाळेंतील मुलें व त्यांचे आईबाप यांच्यापुढें झालेलें व्याख्यान)



आज आम्ही रसायनशास्त्राविषयीं चार शब्द सांगणार आहोंत. हें नांव निघालें कीं नववी-दहावींतलीं मुलें माना खालीं घालतात, आणि आईबाप म्हणतात, "आम्हां अडाण्यांना त्यांतलें काय कळणार?" आमचें म्हणणें असें कीं, या शास्त्राचा पहिला धडा तुमच्या समोरच्या डोंगरावर पडला आहे आणि तुमच्या कोयत्याला चढला आहे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा अशी आपली गत होऊं नये, म्हणून आज पुस्तक बाजूला ठेवून आपण दगडापासूनच सुरुवात करूं.

ठाकुरदेवाच्या यात्रेला डोंगर चढतांना जो जड, काळसर-तांबडा दगड पायाखालीं येतो, त्याला शास्त्रांत हेमॅटाइट म्हणतात. फुटक्या कपबशीच्या बुडाशीं झिलई नसलेला जो खरखरीत भाग असतो, त्यावर हा दगड घासून पाहा. दगड वरून काळा दिसला तरी रेघ तांबडीच उठते. भिंतीला लावावयाचा गेरू तांबडा कां, तर त्यांत हाच पदार्थ मातींत मिसळलेला असतो. पावसाळ्यांत विळ्याला चढणारा गंज हा याचाच भाऊ. त्यांत थोडें पाणी अधिक, एवढाच फरक.

आतां एक लोहचुंबक घ्या. खिळ्यापाशीं नेला तर खिळा टुणकन् चिकटतो. या दगडाला मात्र तो तसा ओढीत नाहीं. मग या दगडांत लोखंड आहे असें लोक कशावरून म्हणतात? येथेंच रसायनशास्त्र सुरू होतें.

धान मळून घरीं आणलें कीं त्यांत माती असते, खडे असतात, कोंडा असतो. आपल्या बाया सुपांत घेऊन तें पाखडतात आणि सारें वेगळें होतें. खडा खडाच राहतो आणि धान धानच राहतें. याला मिश्रण म्हणावें. खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांपेक्षां जास्त निघाला तर माल घेत नाहींत, हें तुम्हांला ठाऊक आहे. तें पाणीही धानांत नुसतें शिरलेलें असतें. उन्हांत वाळविलें कीं निघून जातें.

पण दगडांतलें लोखंड सुपानें निघत नाहीं, चाळणीनें निघत नाहीं आणि दगडाचें पीठ केलें तरी निघत नाहीं. कारण तेथें लोखंड आणि हवेंतला प्राणवायु, ज्याला शाळेंत ऑक्सिजन म्हणतात, या दोघांनीं एकमेकांशीं संयोग करून आपापले गुण सोडले आहेत. लोखंडाची चिवटाई गेली, ऑक्सिजनचें वायुपण गेलें, आणि तिसराच पदार्थ झाला. याला संयुग म्हणतात. पाण्याचेंही तसेंच आहे. पाणी ज्या दोन वायूंचें झालें आहे, त्यांतला हायड्रोजन स्वतः जळतो आणि ऑक्सिजन दुसऱ्याला जळण्यास मदत करतो. पण दोघांचें मिळून झालेलें पाणी विस्तव विझवितें.

ज्या पदार्थाचे याहून साधे पदार्थ रासायनिक क्रियेनें करतां येत नाहींत, तें मूलद्रव्य. लोखंड, तांबें, सोनें, गंधक, ऑक्सिजन, आणि कोळशांतला कार्बन हीं मूलद्रव्यें होत. आजवर अशीं ११८ मूलद्रव्यें ओळखलीं गेलीं आहेत. मूलद्रव्याचा लहानांत लहान कण तो अणु. हेमॅटाइटमध्यें लोखंडाच्या दर २ अणूंमागें ऑक्सिजनचे ३ अणु, असें प्रमाण बांधलेलें असतें. सूरजागडचा दगड घ्या कीं परमुलखांतला घ्या, शुद्ध हेमॅटाइटमध्यें तें प्रमाण ढळत नाहीं.

आतां हिशेब करूं. लोखंडाच्या अणूचें वजन ५६ धरतात आणि ऑक्सिजनच्या अणूचें १६. दोन अणु लोखंडाचे ११२ झाले, तीन अणु ऑक्सिजनचे ४८ झाले, बेरीज १६०. एकशें साठांत एकशें बारा, म्हणजे शंभरांत सत्तर. याचा अर्थ, शंभर किलो अगदीं शुद्ध हेमॅटाइट असेल, तर त्यांत सत्तर किलो लोखंड आणि तीस किलो ऑक्सिजन असतो. याहून जास्त लोखंड त्यांतून कोणाचा बापही काढूं शकणार नाहीं. सहावीच्या पोराला येणारें हें गणित आहे. त्याचें इतकें भय कशाला बाळगावें?

मग भट्टींत काय होतें, तें पाहूं. लोखंड ऑक्सिजनला सोडीत नाहीं, तर त्याच्याहून जबर ओढणारा कोणी आणला पाहिजे. तो म्हणजे कोळसा. भात्यानें वारा घातला कीं कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड वायु होतो. तो वर जातांना तापलेल्या कोळशांतून जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या दुसऱ्या वायूला ऑक्सिजनची भूक असते. तो दगडांतला ऑक्सिजन ओढून घेतो, पुन्हां कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि मागें लोखंड उरतें. असा ऑक्सिजन काढून घेण्याला शाळेच्या पुस्तकांत क्षपण म्हणतात, आणि ऑक्सिजन जोडला जाण्याला ऑक्सिडीकरण. भट्टींत क्षपण होतें. पावसांत विसरलेल्या कुदळीवर ऑक्सिडीकरण होतें. दोन शब्द अवघड खरे, पण दोन्ही कामें तुमच्या अंगणांतलीं आहेत.

वजनें पाहा. १६० भाग दगड आणि ८४ भाग कार्बन मोनॉक्साइड, मिळून २४४. निघालें काय? ११२ भाग लोखंड आणि १३२ भाग कार्बन डायऑक्साइड, मिळून पुन्हां २४४. एक गुंजही हरवली नाहीं, एक गुंजही वाढली नाहीं. अठराव्या शतकांत फ्रान्स देशांत लव्हाझिए नांवाच्या शास्त्रज्ञानें तराजू हातीं घेऊन हें सिद्ध केलें. लांकूड जळून मूठभर राख राहते, तेव्हां बाकीचें नाहींसें झालें असें वाटतें. पण तें धूर आणि वायु होऊन हवेंत गेलेलें असतें. शेताचाही हाच न्याय आहे. धानाच्या पोत्याबरोबर जमिनींतला जो स्फुरद आणि पालाश बाजारांत जातो, तो शेणखतानें वा दुसऱ्या खतानें परत घातला नाहीं, तर जमीन तेवढी दुबळी होते.

येथें एक गोष्ट जिवाच्या कळकळीनें सांगतों. भट्टींत जो कार्बन मोनॉक्साइड आपलें काम करतो, तोच बंद खोलींत माणसाचा प्राण घेतो. थंडीच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ ठेवून झोपणाऱ्यांचीं अख्खीं कुटुंबें सकाळीं उठलीं नाहींत, असें अनेकदां घडलें आहे. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत शिरून ऑक्सिजनची जागा अडवितो आणि माणूस झोपेंतच जातो. कोणी याला करणी म्हणतो, कोणी भुताटकी म्हणतो. ही करणी नव्हे. हें रसायन आहे, आणि त्याचा उतारा उघडी खिडकी हा आहे. आजच्या व्याख्यानांतलें दुसरें कांहीं ध्यानांत राहिलें नाहीं तरी चालेल; पण विस्तव धुमसत ठेवून बंद खोलींत झोपूं नका, एवढें घरोघर सांगा.

बांधवहो, ही विद्या या मुलखाला नवी नाहीं. चांदा जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत मातीच्या भट्टींत, लांकडी कोळशावर, लोखंड गाळीत असत. उत्तरेकडे मैकल डोंगरांत अगरिया लोकांचा हाच धंदा होता; त्यांच्यावर व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश उष्णता लागते. मातीच्या भट्टींत तेवढी येत नसे. म्हणून लोखंड न वितळतां जाळीदार गोळा होऊन राही, दगडांतली माती-वाळू वितळून कीट बनून वाहे, आणि उरलेलें कीट ऐरणीवर घणाखालीं निघे. पुढें विलायतेहून स्वस्त लोखंड येऊं लागलें, १८७८ च्या जंगल कायद्यानंतर कोळशाला लांकूड मिळणें कठीण झालें, आणि भट्ट्या विझल्या. भट्टी लावणाऱ्यांना क्षपण हा शब्द ठाऊक नव्हता; पण भाता किती घालावा, कोळसा किती आणि दगड किती, हें त्यांच्या हातांना ठाऊक होतें. आज चंद्रपूर जिल्ह्यांत घुग्घुस येथें स्पंज आयर्नचा कारखाना आहे. तेथेंही दगड वितळवीत नाहींत. कोळशाबरोबर तापवून त्यांतला ऑक्सिजन तेवढा काढतात. यंत्र प्रचंड आहे, पण तत्त्व त्या मातीच्या भट्टीचेंच.

याच मुलखावरून हिंदुस्थानच्या पोलादाच्या धंद्याचा विचार सुरू झाला, हेंही मुलांनीं जाणावें. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञानें चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयीं अहवाल लिहिला. लोहारा येथें उत्तम दगड, आणि वरोऱ्याला कोळशाची खाण. तो वाचून जमशेटजी टाटांनीं येथें कारखाना काढण्याचें मनांत आणलें. पण परीक्षेंत वरोऱ्याचा कोळसा मोठ्या भट्टीला अयोग्य ठरला. उंच भट्टींत दगडाचें ओझें पेलून धरील आणि मधून वाराही खेळूं देईल असा घट्ट कोक लागतो; वर्धा खोऱ्यांतल्या कोळशाचा तसा कोक होत नाहीं. पुढें टाटांचा कारखाना साकची येथें झाला आणि १९१२ सालीं तेथें पोलाद निघालें. कोळशाच्या एका गुणानें कारखाना दुसऱ्या प्रांतांत गेला.

आतां मुख्य गोष्ट. २००७ सालीं सूरजागडवर खाणपट्टा दिला गेला. खाण असावी कीं नसावी, देवाचा डोंगर फोडावा कीं नाहीं, हा वाद मोठा आहे आणि तो येथल्या गांवांनीं आपल्या तोंडानें बोलावयाचा आहे. पण दगड गाड्यांतून जात आहे, तोंवर त्याचा हिशेब तरी आपल्याला कळला पाहिजे. खाणींतला दगड शुद्ध नसतो. समजा, शंभर किलो कोरड्या दगडांत दहा किलो माती-वाळू आहे. राहिले नव्वद, त्याचे सत्तर टक्के म्हणजे त्रेसष्ट. हा दगड ६३ टक्के प्रतीचा. ओला दगड तोलला तर पाण्याचेंही वजन भरतें. म्हणून परीक्षेच्या वेळीं नमुना वाळवून घेतात, धानासारखाच.

लोखंडाच्या दगडाची किंमत या प्रतीवर ठरते. नागपूरचा भारतीय खाण ब्यूरो प्रतीप्रमाणें सरासरी विक्रीदर जाहीर करतो, आणि त्यावर सरकारचें स्वामित्वधन १५ टक्के असतें. २०१५ च्या आधीं दिलेल्या खाणपट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला निराळी द्यावी लागते, आणि ती खाणीची झळ लागलेल्या गांवांच्या पाण्यासाठीं, दवाखान्यासाठीं, शाळेसाठीं असते. हिशेबापुरतें धरूं कीं टनाचा दर १००० रुपये आहे. स्वामित्वधन १५० रुपये, आणि प्रतिष्ठानाचा वांटा ४५ रुपये. दगडाची प्रत एक पायरी खालीं लिहिली गेली, तर दर उतरतो, स्वामित्वधन उतरतें, आणि गांवाचा वांटाही उतरतो. म्हणजे प्रयोगशाळेंतल्या त्या एका आंकड्यांत तुमच्या पोरांचा दवाखाना आहे.

ज्यांना वही वाचतां आली नाहीं, त्यांच्या जमिनी कशा गेल्या, हें शेतकऱ्याला सांगावयास नको. १८७५ सालीं पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. कारण त्यांत काय लिहिलें आहे हें अंगठा करणाऱ्याला कळत नव्हतें. आजची वही प्रयोगशाळेची आहे. ती जाळून भागणार नाहीं. ती वाचतां आली पाहिजे. ग्रामसभेंत बसलेल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला विचारतां आलें पाहिजे कीं, नमुना कोठून घेतला, वाळविला होता काय, आणि शंभरांत लोखंड किती निघालें.

म्हणून आईबापांना आमचें सांगणें आहे. घरीं माडिया बोलणारें मूल शाळेंत मराठी शिकतें आणि त्यावर संयुग, क्षपण असले शब्द येऊन आदळतात. तें बुजलें तर त्याला मठ्ठ म्हणूं नका. त्याच्या हातीं दगड द्या, चुंबक द्या. पानाचा चुना पाण्यांत कालवून ठेवावा आणि वरची निवळी कांचेच्या पेल्यांत काढावी. नळीनें तींत फुंकर घातली कीं ती दुधासारखी होते. आपल्या श्वासांतला कार्बन डायऑक्साइड तेथें दिसतो. ती निवळी मात्र तोंडांत किंवा डोळ्यांत जाऊं देऊं नका. शाळेंत तराजू नसेल, प्रयोगाची खोली कुलुपांत असेल, तर पांच-दहा पालकांनीं मिळून मुख्याध्यापकांकडे जावें आणि कुलूप काढावयास सांगावें. आणि मुलींना या विषयांतून काढूं नका. चुलीपुढें, सुपापुढें, चुन्यापुढें ज्या बसतात, त्यांना हें शास्त्र अर्धें येतच असतें. त्याचीं नांवें तेवढीं शिकावयाचीं राहिलीं आहेत.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. उद्यां प्रत्येक मुलानें एक दगड शाळेंत आणावा, तोलावा, पाण्यांत भिजवून पुन्हां तोलावा, वाळवून तिसऱ्यांदा तोलावा, आणि तिन्ही वजनें पाटीवर लिहावीं.