सोळा आठवड्यांच्या आत



आपल्यापैकी प्रत्येक पशुवैद्यकाच्या दवाखान्यात येणाऱ्या एका पिल्लाबद्दल मला आज बोलायचं आहे. वय साडेचार महिने, वजन उत्तम, लसी वेळच्या वेळी झालेल्या. टेबलावर ठेवलं की ते पोट टेबलाला चिकटवतं, शेपूट पायांत घालतं. डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसू लागतात आणि स्टेथोस्कोप टेकताच थेंबभर लघवी होते. मालक म्हणतात, "डॉक्टर, घरी इतका गुणी आहे, बाहेर आला की काय होतं कळत नाही." बाहेरचं जग त्याने आजवर पाहिलेलंच नसतं. शेवटचा डोस होईपर्यंत दाराबाहेर काढू नका, असं मालकांना सांगितलेलं असतं आणि त्यांनी ते मनापासून पाळलेलं असतं.

हा सल्ला उगाच आलेला नाही. पार्व्होने दोन दिवसांत पिल्लू गेलेलं ज्याने पाहिलंय, तो त्याला हलक्यात घेणार नाही. पण या सल्ल्याची किंमत कुत्रा आयुष्यभर मोजतो, आणि ती आपल्या हिशेबात येत नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत झालेला एक प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी उंच कुंपणाच्या मोकळ्या मैदानात पिल्लं वाढवली. आई, भावंडं, खाणं सगळं होतं, फक्त माणूस नव्हता. निरनिराळ्या गटांना दुसऱ्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान, वेगवेगळ्या वयात, आठवडाभर माणसांत आणलं. एका गटाला चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवासच मिळू दिला नाही. या शेवटच्या गटातली पिल्लं माणसापासून इतकी बुजली, की पुढे त्यांच्याशी नेहमीसारखं नातं जोडणं जमलं नाही. आणि ही पिल्लं होती कॉकर स्पॅनियल आणि बीगल, म्हणजे स्वभावाने गरीब म्हणून आपण ज्यांची बिनदिक्कत शिफारस करतो त्या जातींची! याच प्रयोगशाळेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी माणसाळण्याचा हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा मानला. आपलं लसीचं कार्ड सहाव्या-आठव्या आठवड्यात सुरू होतं आणि सोळाव्याच्या आसपास पूर्ण होतं. म्हणजे आपण दार उघडतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

कुत्रा बुजरा किंवा चावरा निघाला, की जातीवर खापर फोडणं सोपं असतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालण्याचं परिपत्रक काढलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याआधी, २०२२ मध्ये, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात असं दिसलं होतं, की कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने उलगडतो. अनुवंश मात्र खोटा नाही. भित्र्या मादीची वीण वाढवू नये, हे आपण ब्रीडरला ठणकावून सांगितलंच पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, तरी पाच आठवड्यांची पिल्लं आपल्यासमोर येतात. चावा किती जोरात घ्यायचा, हे भावंडांशी खेळताना शिकायच्या वयात त्यांची ताटातूट झालेली असते.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं, की पहिल्या लसीनंतर आठवडाभराने पिल्लांचे वर्ग सुरू करावेत. आपल्या रस्त्यांवर संसर्ग जास्त, म्हणून माझं म्हणणं एवढंच: जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन बाहेर पडा. रसवंतीची घुंगरं, रिक्षाचा हॉर्न, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, शाळा सुटल्यावरचा गलका हे त्याला लांबून पाहू द्या. पिल्लाने मान वळवली, खाऊ नाकारला, की मागे फिरा. ढोलताशांच्या गर्दीत नेऊन धीट करण्याचा हट्ट नको. त्याने भीती पक्की होते. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या कुत्र्याची घरी भेट घडवा. पंजे, कान, तोंड रोज हाताळा, म्हणजे आपलं टेबलही त्याला परकं वाटणार नाही.

हे सांगायला पहिल्या लसीच्या वेळी पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपल्या कामाचाच भाग मानावीत, आणि लसीच्या कार्डावर डोसच्या तारखांशेजारी "या आठवड्यात पिल्लाने काय नवीन पाहिलं" असा रकाना छापावा, असा ठराव मी या सभेपुढे मांडते.